शंभरातल्या सात

माझं पहिलंच काम त्यांनी परत पाठवलं.

मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि राळेगावहून रोज एसटीने ये-जा करून यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत लागले होते. कपाशीवर फवारायची औषधं तिथे बाटल्यांत भरली जायची. पहिल्या दिवशी मला सांगितलं, रिकाम्या बाटलीचं वजन काढून गोदामात देऊन या. मी प्रयोगशाळेतल्या काट्यावर बाटली ठेवली, आकडा कागदावर लिहिला आणि गोदामात गेले. तिथे मोठ्या वजनकाट्याशेजारी स्टुलावर एक उंच, किडकिडीत माणूस बसला होता. पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी, खिशात तीन पेनं. त्यांनी कागद डोळ्यांशी नेऊन वाचला.

"कोनं मोजलं?"

"मी."

"काटा आज तपासला होता का?"

काटा रोज तपासायचा असतो हे मला माहीतच नव्हतं.

"बाटल्या किती मोजल्या?"

"एक."

"मंग हे एका बाटलीचं वजन झालं, बेटा. बाटलीचं नाही झालं."

मी चिडून परत गेले आणि शंभर बाटल्या मोजल्या. त्यातल्या दोन सारख्या निघतील तर शपथ. साचा झिजल्यामुळे काही बाटल्या जाड येत होत्या, आणि सरासरी माझ्या आकड्याहून चांगलीच वर गेली. संध्याकाळी तो कागद त्यांना दिला तेव्हा त्यांनी सही केली आणि शाबासकी वगैरे काही न देता विचारलं, "राळेगावची एसटी किती वाजता हाये तुही?"

सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या तराजू-काटे दुरुस्त करायचं काम. यवतमाळच्या बाजारात वडिलांचं छोटं दुकान होतं. तरुणपणी चाचा एका जिनिंगच्या काट्यावर कामाला होते. कापसाच्या गाड्या लागलेल्या असताना तिथल्या मालकाने त्यांना काटा थोडा 'सरकवायला' सांगितला. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि घरी आले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कामाचा रुमाल झटकत, जणू फार काही नव्हतं.

जेवणाच्या पिशवीत डब्याबरोबर पितळेचं दोन किलोचं एक वजन असायचं. सकाळी काट्यावर आधी ते ठेवायचं, आकडा बरोबर आला तरच दिवस सुरू. कॅन्टीनमध्ये कोणी म्हणालं, आज पंचेचाळीस डिग्री आहे, की चाचा मान न वळवता विचारत, "कोनं मोजलं?" कोणी म्हणालं, मी रोज पाच किलोमीटर चालतो, तरी तेच. हाफ चहा त्यांनी कधी घेतला नाही. अर्धा म्हणजे नेमका किती, हे चहावाल्यालाही ठाऊक नसतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मोहल्ल्यातल्या बायका नवी बाळं त्यांच्या हातात आणून द्यायच्या. ते दोन्ही तळव्यांवर बाळ तोलून वजन सांगायचे आणि ते जवळजवळ बरोबर निघायचं. तरी स्वतः कधी त्यावर विश्वास ठेवायचे नाहीत. "हातावर भरवसा ठेवला का मानूस बिघडते," म्हणायचे आणि बाळाला काट्यावर न्यायला लावायचे.

ती वर्षं कपाशीसाठी फार वाईट होती. बोंडात अळी, पाऊस वेळेवर नाही, भाव पडलेला. पीक जितकं थकायचं तितक्या फवारण्या वाढायच्या. जिथे आधी तीन फवारण्यांत भागत होतं तिथे लोक सात-आठ मारू लागले. आमच्या कंपनीत मात्र दोन पाळ्यांच्या तीन झाल्या. एसटीच्या खिडकीतून शेतांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, आणि नाल्याच्या काठाने आमच्या हिरव्या बाटल्या पडलेल्या दिसायच्या. माझ्या बाबांच्या शेतातही होत्या. मला त्या दिसायच्या आणि मी दुसरीकडे पाहायचे.

मला लागून दुसरं वर्ष सुरू होतं तेव्हा पुण्याहून, मालकांच्या ऑफिसातून पत्र आलं. परदेशात माल पाठवणारा एक मोठा व्यापारी आमची औषधं घेणार होता. त्याची अट होती की कंपनीने आपल्या प्लॅस्टिकचं पुढे काय होतं ते दाखवावं. मालकांनी बाटलीवर छापायचं वाक्यही ठरवलं होतं: 'जितकं प्लॅस्टिक विकतो, तितकं परत गोळा करतो.' गोळा करायचं काम एका ठेकेदाराला दिलं गेलं. तो वजनाच्या पावत्या पाठवायचा आणि त्यांवरून मला अहवाल बनवायचा होता. मी दोन दिवस खपून देखणा अहवाल केला. खाली तयार करणारी म्हणून माझी सही होती. वजन तपासणारे म्हणून चाचांची लागत होती.

चाचा म्हणाले, "माल पाहू."

ठेकेदाराचं गोदाम शहराबाहेर होतं. पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यांची थप्पी. चाचांनी मधली तीन पोती काढायला लावून जमिनीवर ओतली. दुधाच्या पिशव्या, कुरकुऱ्यांची पाकिटं, खुर्चीचे तुकडे. आमची एकही हिरवी बाटली नाही. मग त्यांनी त्यातला ओंजळ-ओंजळ माल वेगळा काढून बरोबर एक किलो भरला, बादली मागितली, तो धुतला आणि पत्र्यावर उन्हात पसरला. आम्ही तासभर तिथे बसलो. सुकल्यावर पुन्हा तोललं तर पाऊण किलो भरलं. उरलेली माती होती.

ठेकेदार वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "चाचा, प्लॅस्टिक तर गोळा झालं ना? कोनाचं का असंना."

"चांगलं काम करून राह्यले तुम्ही, भाऊ. करत जा," चाचा म्हणाले. "पन याच्यावर आमचं नाव काहून लिहिता? आमच्या बाटल्या तं अजून नाल्यातच हायेत."

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी कागद घेऊन तिथेच उभी होते.

"चाचा, सगळ्या कंपन्या हेच करतात. कागद बरोबर आहे."

"कागद बरोबर हाये, सायेब. माल बरोबर नाही."

"तुमच्या रिटायरमेंटला तीन वर्षं राहिली."

"तीन वर्षं अन् चार महिने," चाचांनी दुरुस्त केलं.

त्या आठवड्यात त्यांना काट्यावरून काढून गेटवर बसवलं. अहवालावर दुसऱ्याच कोणाची सही झाली आणि तो पुण्याला गेला. माझी सही त्यावर होतीच. मी ती मागे घेतली नाही. नोकरी मिळून दीडच वर्ष झालं होतं, घरी धाकटीचं शिक्षण चालू होतं, अशी बरीच कारणं मी एसटीत बसून स्वतःला सांगितली.

मला वाटलं होतं, चाचा खचले असतील. दुपारी डबा घेऊन गेटवर गेले तर ते बाहेर जाणारी खोकी मोजत होते.

"इथं बरं हाये," ते म्हणाले. "जाते किती ते सगळं दिसते इथून. आता येते किती, तेवढं पाहाचं राह्यलं."

ते कसं पाहायचं, याचा विचार त्यांनी करून ठेवला होता. घाटंजीकडच्या एका गावातले शेतकरी गावातल्या एकाच कृषी केंद्रातून आमची औषधं घेत. त्या दुकानात जाणाऱ्या खोक्यांतल्या प्रत्येक बाटलीच्या बुडाला खूण करायची आणि हंगाम संपल्यावर त्या बाटल्या कुठे आहेत ते जाऊन शोधायचं. मी जेवणाच्या सुट्टीत बसून पाचशे बाटल्यांना लाल तैलरंगाचा ठिपका दिला. मॅनेजर साहेबांना विचारलं नाही. इतके ठिपके देऊनही माझ्या मनातला अहवाल काही पुसला गेला नाही, पण हात कामाला लागले की बरं वाटायचं.

फवारण्या संपल्या, कापसाचा पहिला वेचा झाला, तेव्हा आम्ही सुट्ट्या टाकून त्या गावी गेलो. चाचांनी आधीच ठरवलं होतं की मोजायचं आपण नाही. "आपन मोजू तं आपल्याले कचरा कमीच दिसन. आपले डोये आपल्याच बाजूचे." गावात महिलांचा बचत गट होता. त्याच्या अध्यक्ष सुमनताई, पन्नाशीच्या, स्वतःची चार एकर कपाशी सांभाळणाऱ्या. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि चाचांना विचारलं, "तुम्ही कंपनीचे मानसं. अन् तुमचा कचरा आम्ही मोजाचा. कायले?"

"तुम्ही आमच्या बाजूनं खोटं सांगनार नाही म्हनून."

"अन् तुमच्या इरोधात सांगितलं तं?"

"ते बी मोजूनच सांगा."

सुमनताई हसल्या. आठ बायका तयार झाल्या. मजुरी चाचांनी आणि मी अर्धी-अर्धी दिली, आणि ती आधीच दिली. आकडा कसाही येवो, मजुरी तीच, असं चाचांनी सगळ्यांसमोर दोनदा सांगितलं.

पाच दिवस त्या बायका धुरे, नाला, विहिरींचे काठ, जाळलेल्या कचऱ्याचे ढीग आणि घरं पालथी घालत होत्या. आम्ही दोघं मागे मागे पोती धरून. तिसऱ्या दिवशी दुपारी एका घरी आम्हाला जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर आणि ठेचा. घरची बाई ठेच्यावर तेल घालायला आली. तिच्या हातात हिरवी बाटली होती. वरचा कागद घासून काढलेला, बाटली लख्ख धुतलेली. तिने ती माझ्या ताटावर वाकवली आणि मला तिच्या बुडाचा लाल ठिपका दिसला. तो मी दिलेला होता.

चाचांनी माझ्या ताटावर आपला हात आडवा धरला. तेल त्यांच्या मनगटावर पडलं.

"माय, हे तेल टाकून दे," ते हळू आवाजात म्हणाले. "कितीबी धुतली तरी औषध बाटलीच्या अंगात राह्यते."

"इतकी मजबूत बाटली हाये, बापा. फेकू कशी?" ती खरंच गोंधळली होती. तिची दोन पोरं दारात बसून त्याच ठेच्याशी भाकर खात होती.

चाचांनी पिशवीतून आपला स्टीलचा डबा काढला, त्यातली पोळी-भाजी पानावर काढून ठेवली आणि डबा तिच्यापुढे सरकवला. "याच्यात ठेव तेल. झाकन घट्ट हाये." पोरांच्या पुढ्यातलं तिने स्वतःच उचललं. पोरांना काही झालं नव्हतं आणि पुढेही झालं नाही, हे मी नंतर दोनदा जाऊन विचारून आले. 

त्या संध्याकाळी परतीच्या एसटीत मी म्हणाले, "चाचा, मी उद्या सांगते की माझा अहवाल खोटा आहे."

"उद्या नको," ते म्हणाले. "आधी आकडा पुरा होऊ दे. नुसतं खोटं हाये म्हनशीन तं ते इचारतीन, मंग खरं काय? तेव्हा तुयाजवळ काही पाह्यजे."

आकडा पुरा झाला. दर शंभर बाटल्यांमागे सात रिकाम्या होऊन दुकानात परत आल्या होत्या. निम्म्याच्या आसपास नाल्यात आणि धुऱ्यावर पडल्या होत्या, काही जाळलेल्या होत्या, बऱ्याच घरांत तेल-रॉकेलला लागल्या होत्या. काही मात्र सापडल्याच नाहीत. त्या कुठल्या रकान्यात घालायच्या हे मला कळेना. चाचांनी त्यांच्यासाठी वेगळा रकाना आखायला लावला. वर लिहायला सांगितलं, 'माहीत नाही'.

महिनाभराने मालक यवतमाळला आले. मी मॅनेजर साहेबांना न सांगता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, मागचा अहवाल मी केला होता, तो चुकीचा आहे, आणि बरोबर आकडा गेटवरच्या चाचांकडे आहे. मालकांनी चाचांना बोलवायला सांगितलं.

चाचा बसले नाहीत. उभ्यानेच बोलले. "सायेब, शंभर गेल्या, सात आल्या. गावच्या बायांनी मोजलं. हे त्यायच्या सह्या, हे अंगठे."

"सात?" मॅनेजर साहेब म्हणाले. "हा आकडा बाहेर गेला तर कंपनीची अब्रू जाईल."

"आकडा वाईट हाये," चाचा म्हणाले. "पन याच्यावर पाय ठेवून उभं राह्यता येते. पुढच्या साली धा झाला तं आपल्याले कळन का तीन वाढले. आज शंभरातले शंभर लिहिले, तं पुढच्या साली काय लिहिसान, सायेब? वाढाले जागाच नाही ठेवली तुम्ही."

मालकांनी कागद उलटसुलट करून पाहिला. 'माहीत नाही'वर त्यांचं बोट थांबलं. "हे कशाला लिहिलं? कोणी विचारलं नसतं."

"त्या बाटल्या कुठंतरी तं हायेत ना," चाचा म्हणाले.

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. मालक कागद घेऊन गेले. आम्हा दोघांची नोकरी जाणार असं कॅन्टीनमध्ये सगळे धरून चालले होते, आणि मीही. दहाव्या दिवशी पुण्याहून निरोप आला: बाटलीवरचं ते वाक्य छापू नये, आणि त्या व्यापाऱ्याला नवा आकडा पाठवण्यात यावा. व्यापाऱ्याने वर्षभर उत्तर दिलं नाही. त्याच्या मागणीच्या भरवशावर चालू ठेवलेली तिसरी पाळी बंद झाली. मॅनेजर साहेब माझ्याशी कामापुरतं बोलायचे. चाचांना मात्र मालकांनी पुन्हा काट्यावर बसवलं, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी तिथला काटा सहा ग्रॅमने चुकतोय हे शोधून काढून सगळ्यांना कामाला लावलं.

मग हळूहळू एकेक गोष्ट होत गेली. प्रत्येक बाटलीसोबत आम्ही मापाचा एक प्लॅस्टिकचा कप द्यायचो. चाचांनी घाटंजीच्या बाजारात दिवसभर बसून लोकांना विचारलं. एकेका घरात तसे दहा-दहा कप पडून होते. कप बंद केला, ज्याला हवा त्याला दुकानात मिळेल असं केलं. बाटलीवरचं चकचकीत आवरण काढलं. नवा साचा आणला, त्यामुळे जास्तीचं जाड प्लॅस्टिक कमी झालं. मालकांना बाटली आणखी पातळ करायची होती, त्याला चाचांनीच नकार दिला. फुटली तर औषध माणसाच्या अंगावर सांडेल म्हणाले. दुकानदार एकाच शेतकऱ्याला चार छोट्या बाटल्या देतात, त्याऐवजी एक मोठी द्यावी, हेही झालं. गरज नसेल तर फवारूच नका असं बाटलीवर छापा, असंही चाचांनी सुचवलं होतं. त्यावर मालक फक्त हसले. ते अजूनही छापलेलं नाही.

सुमनताईंच्या गटाने गावागावांत जाऊन दाखवायला सुरुवात केली: बाटली रिकामी झाली की तीनदा पाण्याने खळबळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं, बाटलीला भोक पाडायचं, म्हणजे ती तेलाला वापरताच येत नाही, आणि मग दुकानात द्यायची. गोळा झालेल्या बाटल्या वायरींच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात जायच्या. निघताना आमच्या काट्यावर वजन, पोचल्यावर त्यांच्या, आणि दोन्ही पावत्या जुळल्याशिवाय चाचा आकडा धरायचे नाहीत. दुसऱ्या वर्षी शंभरातल्या एकोणीस परत आल्या. कॅन्टीनमध्ये पेढे वाटले गेले. त्याच सुमारास व्यापाऱ्याचं पत्र आलं, की खोटे आकडे त्याच्याकडे ढिगाने येतात, त्यात आमचा सात त्याच्या लक्षात राहिला होता.

तिसऱ्या वर्षी एका रात्रीच्या पुरात नाल्यांतून बरंच वाहून गेलं आणि आकडा पंधरावर उतरला. मी अहवाल घेऊन मॅनेजर साहेबांकडे गेले तेव्हा मनाची तयारी करूनच गेले होते. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "पंधराच लिहा. का कमी झाले तेही खाली लिहा." मी बाहेर येऊन चाचांना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी गोदामातल्या सगळ्यांना स्वतःच्या खिशातून पूर्ण कप चहा पाजला.

ते निवृत्त झाले तेव्हा मालक मुद्दाम आले. शाल-श्रीफळ झाल्यावर त्यांनी विचारलं, "चाचा, काही हवं असेल तर सांगा." लोकांना वाटलं, मुलाला नोकरी मागतील.

"एक लिहून द्या," चाचा म्हणाले. "बायका मोजाले कधी येतीन, ते कंपनीले आधी कळू नये. कोन्याबी दिवशी यावं, कोन्याबी दुकानात, कोन्याबी गोदामात. दिवस आपल्याले माहीत असला का आपन आवरून ठेवतो."

मालकांनी तिथल्या तिथे लिहून दिलं.

चाचा आता यवतमाळात घराच्या ओट्यावर लोकांचे काटे दुरुस्त करतात. दुसऱ्या दोन कंपन्यांची माणसं त्यांच्याकडे विचारायला येऊन गेली. चाचांनी त्यांना माहिती दिली नाही, गाडीत बसवून एका नाल्यावर नेलं आणि पँट वर दुमडून आत उतरायला लावलं. त्यातली एक कंपनी पुन्हा फिरकली नाही. दुसरीने आपल्या गावांसाठी दुसरा बचत गट शोधला.

मागच्या हंगामानंतर एका मंगळवारी सकाळी सुमनताई पाच बायकांना घेऊन आमच्या गेटवर हजर झाल्या. आता बाटल्या परत घेण्याच्या विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. परत आलेल्या बाटल्यांच्या खोलीची किल्ली त्यांनी माझ्याकडून घेतली आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही भाईर थांबा." मी बाहेर थांबले. आतून पोती ओतल्याचे आवाज येत होते. मला धाकधूक वाटत होती, कारण आम्ही नवी बाटली काढली होती आणि तिचा मला फार अभिमान होता.

दीड-दोन तासांनी, विक्रीच्या वहीशी आकडा ताडून, त्या बाहेर आल्या, पदराने हात पुसत.

"शंभरातल्या सत्तावीस," त्या म्हणाल्या. "पन तुमच्या नव्या बाटलीचं झाकन सुटं निघते. गावात फिरलो तवा दिसलं, बाटल्या येतात, झाकनं नाल्यातच राह्यतात. ते आम्ही येगळं लिहिलं."

क्षणभर मला राग आला. मग मी त्यांना चहा सांगितला, टेबलावर एक कोरा कागद ओढला आणि झाकण बाटलीला कायमचं धरून ठेवील अशा पट्टीचं चित्र काढायला बसले. सुमनताई शेजारी खुर्ची घेऊन बसल्या आणि चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथून तुटन ते. जरा रुंद करा."